विहिरीकडची खोली

दादाला घरी आणायचं ठरलं तेव्हा बाबांनी सगळ्यात आधी मला कागद-पेन्सिल घेऊन बसवलं. मी तेव्हा कुडाळच्या एका बांधकाम कचेरीत ट्रेसर होते. साहेबांनी काढलेले नकाशे पारदर्शक कागदावर शाईने उतरवायचे, एवढंच माझं काम. स्वतःच्या मनाने मी एक भिंतसुद्धा कधी काढली नव्हती. पण घरात आणि वाडीत मी इंजिनियर होते. शेजारच्या काकांच्या संडासाचा नकाशा मीच काढून दिला होता. तो उलटा बांधला गेला, पण त्यात माझा काही दोष नव्हता, असं मी अजूनही म्हणते.

आमचं गाव कसालहून मालवणला जाणाऱ्या रस्त्याला आत होतं. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, कचेऱ्या वाढत होत्या, म्हणून माझ्यासारखीला नोकरी लागली. बाबा शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. दादा मालवणच्या एका शाळेत गणित शिकवायचा. एक दिवस तो वर्ग अर्ध्यावर सोडून मासळीबाजारात गेला आणि एका बाईच्या टोपलीतले बांगडे उचलून समुद्रात टाकायला लागला. ते आपल्याला नावाने हाका मारतात, म्हणाला. मासेवाल्या बायका तशा तोंडाच्या फटकळ, पण त्या दिवशी त्यांनी त्याला धरून बसवलं, पाणी पाजलं आणि आमच्याकडे निरोप धाडला. पुढे काय होणार हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं. मग गावातले उपाय झाले, अंगारे-धुपारे झाले, आणि शेवटी त्याला लांबच्या शहरातल्या मनोरुग्णांच्या इस्पितळात ठेवावं लागलं. तिथे तो दोन पावसाळे होता.

त्याला सोडायला हरकत नाही असं तिथले डॉक्टर म्हणाले तेव्हा मी बाबांबरोबर होते. डॉक्टर मोजकंच बोलले. गोळ्या चुकवू नका. माणसांत ठेवा. हाताला काम द्या. कोपऱ्यात घालू नका. बाबा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. शिक्षकाची मान फार फसवी असते, ती हलते म्हणजे आत काही उतरतं असं नाही. डॉक्टर बोलत होते तेव्हा बाबांचं लक्ष दाराबाहेर होतं. समोरच्या लांब इमारतीतल्या एका खोलीत दादा भरदुपारी पाठ करून गाढ झोपला होता. घरी असताना कितीतरी महिने तो झोपलाच नव्हता.

गाडीत बाबा मला म्हणाले, "बघलंस मा, कसो शांत झोपललो? तेका तशीच खोली होयी. येगळी, वाऱ्याची, कोणाचो उपद्रव नसलेली."

म्हणून मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसले होते.

मी काढलेला नकाशा साधा होता. आमच्या घराला पुढे लांब पडवी होती. तिच्या एका टोकाला अर्धी भिंत घालायची, खिडकी खळ्याकडे, म्हणजे पुढच्या अंगणाकडे ठेवायची, दार पडवीतच उघडायचं. म्हणजे खळ्यात कोण येतं, कोण जातं, कोण सुपारी कातरत बसलंय, हे सगळं त्याला खाटेवर पडल्या पडल्या दिसलं असतं. बाबांनी कागद बघितला आणि चष्मा काढून ठेवला. चष्मा काढला म्हणजे नकार, हे शाळेतल्या पोरांनासुद्धा माहीत होतं.

"आणि येणारो-जाणारो तेका बघीत रवतलो?" ते म्हणाले. "घराचो चिडियाखानो करूचो आसा?"

"तो पण तेंका बघतलो," मी म्हटलं.

"तुका कळना नाय. तेका इसाव्याची गरज आसा."

आमच्याकडे जागेचा प्रश्न आला की देवाला कौल लावतात. पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, घाडी म्हणजे देवाशी बोलणारा माणूस गाऱ्हाणं घालतो, आणि पाकळी उजवीकडून पडली की देव हो म्हणाला, डावीकडून पडली की नाही. बाबा हेडमास्तर असले तरी यातून सुटलेले नव्हते, आणि आईला तर त्याशिवाय पाया खणू देणंच शक्य नव्हतं. देवळात आम्ही सगळे गेलो. घाडीने विचारलं, काय मागायचं? बाबांनी सांगितलं, खोली गोठ्याकडे काढावी की विहिरीकडे? दोन्ही जागा घराच्या मागच्या. गाऱ्हाणं झालं, सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले, आणि विहिरीकडच्या जागेला उजवा कौल मिळाला.

देवाला पडवी कोणी विचारलीच नाही. त्याच्यासमोर दोन जागा ठेवल्या, त्याने बिचाऱ्याने त्यातली बरी निवडली. मला तिथेच ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण गाऱ्हाण्याच्या मध्ये बाईमाणसाने बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. घरी आल्यावर मी बोलले. आईने हात जोडले आणि म्हणाली, "आता देवान जागा दिल्यान. तेच्यार बोला नको."

खोली मात्र बाबांनी हौसेने बांधली. स्वतः उन्हात उभे राहत. चांगले तासलेले चिरे आणले, आतून गुळगुळीत गिलावा केला, शहाबादी फरशी घातली. आमच्या सबंध घरात तेव्हा जमीन शेणाने सारवलेली होती. आतच मोरी आणि संडास काढला, म्हणजे दादाला रात्री-अपरात्री बाहेर जायला नको. खिडकी उंच ठेवली, तिला जाड गज लावले. त्यातून फक्त फणसाचा शेंडा दिसायचा. दाराला आतून काहीच नव्हतं, चुकून आत कोंडून घेऊ नये म्हणून. कडी बाहेरून. सुतार विचारत होता, आतून निदान खिटी तरी लावू? बाबा म्हणाले, नको, डॉक्टरांकडे पण तशीच होती.

आजूबाजूचे लोक खोली बघायला आले. असं नशीब कोणाचं, म्हणाले. शेजारच्या काकू तर म्हणाल्या, अशी खोली मिळत असेल तर आपणही दोन दिवस डोकं फिरवून घेऊ. सगळे हसले, बाबाही हसले. मला त्या हसण्याचा इतका राग आला की मी विहिरीवर जाऊन गरज नसताना पाणी काढत बसले.

गौरी-गणपतीच्या थोडं आधी दादा आला. बारीक झाला होता, केस बारीक कापलेले, चालताना पाय जरा ओढायचा. गोळ्यांमुळे असं होतं, डॉक्टर म्हणाले होते. पण तो दादाच होता. खोली बघून त्याने भिंतीवरून हात फिरवला आणि "बरी आसा" म्हणाला. बाबांचा चेहरा असा फुलला की मी माझा राग काही दिवस गिळून टाकला.

सुरुवातीला कडी लावत नव्हते. तो सकाळी पुढे यायचा, पडवीच्या कडेला बसायचा, चहा प्यायचा. पण पडवीत बसलेल्या माणसाशी लोकांनी बोललं पाहिजे, ते कोणी बोलेना. आधी वाटेने जाणारा प्रत्येक जण "काय मास्तर, खंय?" म्हणून खळ्यात वळायचा. आता लोक कुंपणापलीकडून बाबांना हाक मारायचे आणि दादाकडे बघून न बघितल्यासारखं करायचे. भीतीच होती ती, दुसरं काय. आणि बाबांना त्या भीतीची लाज वाटायची, म्हणून कोणी येताना दिसलं की ते दादाला हळूच म्हणायचे, "जा रे, पड जरा." तो निमूट उठून मागे जायचा. मग कधीतरी आईने नुसतं दार ओढून घेण्याऐवजी कडी घातली. वाऱ्याने दार आपटतं, म्हणाली. वाऱ्याचं तिने नाव घेतलं खरं, पण त्या दिवशी माडाचं झावळही हलत नव्हतं.

गणपतीत घर माणसांनी भरलं. मुंबईहून चुलत घरची मंडळी आली, त्यांची लहान मुलं आली. दादाचं सगळं मागेच. जेवणाचं ताट आई आधी त्याचं वाढायची, मोदक जास्त घालायची. संध्याकाळी वाडीतली भजनी मंडळी घरोघर फिरत आमच्याकडे आली. आजारी पडायच्या आधी या भजनात मृदंग दादा वाजवायचा. तो बसला की बाकीच्यांना नुसतं त्याच्या मागून जायचं असायचं. आता मृदंग दुसऱ्या कोणाच्या मांडीवर होता आणि तो बरा वाजवत होता, उगाच नावं कशाला ठेवू.

दुसऱ्या का तिसऱ्या अभंगाला मागून आवाज यायला लागला. दारावर थाप. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण ती भजनाच्या बरोबर तालात होती. मग बुवांनी मान वळवली, झांजवाल्याचा हात थांबला, गाणारे एकेक करून गप्प झाले. सगळं थांबल्यावर ती थाप एकटीच थोडा वेळ चालू राहिली, लयीला अजिबात धक्का न लावता, आणि मग तीही थांबली.

माजघरातून कोणीतरी पोरांना आत ओढलं. चुलत काका म्हणाले, "सुरू झाला वाटतं."

"तो साथ करता आसा," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "बाबा, तो नुसती साथ करता आसा. दार उघडा."

बाबा उठले. मला वाटलं ते त्याला पुढे आणायला निघाले. ते आतल्या कपाटाकडे गेले, झोपेची गोळी काढली, पाण्याचा तांब्या घेतला आणि मागे गेले. भजनी मंडळींनी एक आरती घाईघाईने उरकली. उसळ खाऊन ती पुढच्या घरी गेली. बाबा परत आले तेव्हा म्हणाले, "घेतल्यान मुकाट्यान. बरो आसा." मी त्यांच्याशी विसर्जनापर्यंत बोलले नाही, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

त्यानंतर मी आईच्या मागे लागले. खोलीचं दार बंद करून भिंतीच्या दुसऱ्या अंगाला, स्वयंपाकघराकडे दार काढू. निदान तिचा वावर तरी त्याला दिसेल. नकाशा काढून दाखवला. एक चिऱ्याची भिंत फोडायची, फार काम नव्हतं. आई घाडीकडे विचारायला गेली. घाडी म्हणाला, देवाने दिलेल्या जागेची भिंत फोडायची तर परत विचारायला हवं, आणि एकदा दिलेल्या कौलावर परत विचारलं तर देव रागावतो. झालं, विषय संपला. कचेरीत साहेब म्हणायचे की कागदावरची भिंत खोडरबराने जाते. आमच्या घरची भिंत देवळातून आलेली होती.

पावसाळा सरला, भात घरात आलं आणि खळं करायचे दिवस आले. दरवर्षी पावसाने खळं उखडतं, म्हणून माती खणायची, पाणी मारून भिजवायची आणि लाकडी चोपण्याने चोपून चोपून सपाट करायची, मग सारवायची. वाडीतले लोक एकमेकांच्या खळ्यांना हात लावायला जातात. त्या दिवशी मी कोणाला न विचारता मागची कडी काढली आणि दादाच्या हातात चोपणं दिलं. कोणाच्या काही लक्षात यायच्या आत तो माणसांच्या ओळीत उकिडवा बसला होता.

सगळ्यांनी आधी हात आखडते घेतले. मग शेजारचे काका, ते संडासवाले, पुढे सरकत सरकत त्याच्या बाजूला आले आणि चोपता चोपता म्हणाले, "मास्तर, ह्या पाणी खंय उतारतला?" दादाने मान तिरकी करून खळं बघितलं आणि म्हणाला, "हयसून तुळशीकडे. तुमच्या संडासासारख्या उलट्या नाय." काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. दुपारी सगळ्यांबरोबर तो पेज जेवला. गाल मातीने माखलेले होते. बाबा पडवीत उभे होते, आणि मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं की त्यांना हे आवडलंय. मी मनात म्हटलं, आता होईल. आता हा माणूस घरात राहील. त्या दिवसाइतकी खात्री मला नंतर कधीच वाटली नाही.

खळं वाळलं, वर माडाच्या विणलेल्या झापांचा मांडव पडला, आणि त्याच मांडवात मला बघायला वैभववाडीहून मंडळी आली. आई सकाळीच दादाला म्हणाली, "आजचो दीस आत रव." तो उठून आत गेला. मंडळींना चहा-पोहे दिले. मुलाची आई प्रश्न विचारत होती, मी उत्तरं देत होते. तेवढ्यात मागून खोकण्याचा आवाज आला. एकदाच. मुलाच्या आईने वळून बघितलं.

"आमचा गडी आहे," आई शुद्ध मराठीत म्हणाली. "गुरं बघतो."

मी बशी खाली ठेवली. खोली मागे असली तरी पुढे मांडवात बोललेलं आतल्याला सगळं ऐकू जायचं. त्या मंडळींचा नकारच आला. कसालच्या बाजारात त्यांना कोणीतरी सगळं सांगितलं होतं. तिथे काय लपून राहतं? मला सुटल्यासारखं वाटलं. पण त्यानंतर दादा बाहेर यायचा बंद झाला. पुढे खळ्यात चपला वाजल्या की तो खाटेवरून उठायचा आणि स्वतःच दार ओढून घ्यायचा. मी एकदा कडी न घालता परत फिरले तर आतून म्हणाला, "कडी घाल गो. उगडा रवला तर आवशीक घोर लागता."

शिमग्याच्या आधी एका सकाळी तो बाबांना म्हणाला, "माका थंय इस्पितळात परत व्हरा."

बाबांना वाटलं, आजार उलटला. मलाही तेच वाटलं. आम्ही दोघं त्याला घेऊन एसटीने निघालो. वाटेत तो खिडकीशी बसून बाहेर बघत होता, कुठल्याही माणसासारखा.

त्या इस्पितळाला मी चांगलं म्हणणार नाही. फिनेलचा वास नाकात बसायचा, भिंतींचे पोपडे पडलेले, सगळ्यांना एकसारखे ढगळ कपडे. पण या खेपेला मी नकाशा उतरवणारीच्या नजरेने बघितलं. सगळ्या खोल्यांची दारं मधल्या अंगणात उघडत होती. अंगणाभोवती सलग व्हरांडा, व्हरांड्यात लांब बाक, मध्ये एक जुनं आंब्याचं झाड. कोणी काथ्याचे दोर वळत होते, कोणी भांडत होते, एक म्हातारा सगळ्यांना तोच तोच प्रश्न विचारत होता आणि प्रत्येक जण त्याला उत्तर देत होता. बाबांनी तिथली खोली घरी नेली होती. अंगण तिथेच राहिलं होतं.

डॉक्टरांनी दादाला तपासलं, बराच वेळ बोलले, आणि बाबांना म्हणाले, "यांना इथे ठेवायची काही गरज नाही. चांगली सुधारणा आहे. घरी न्या."

"मला इथे राहायचंय," दादा म्हणाला.

"का? घरी त्रास होतो? मारतात?"

"नाही, नाही." तो घाईने म्हणाला. "फार जपतात. खोली फार चांगली आहे. बाबांनी उन्हात उभं राहून बांधून घेतली."

मग तो बाबांकडे वळला. ऑफिसातली मराठी त्याने सोडून दिली.

"खोली बरी आसा, बाबा. पण थंयसून माणसां नुसती ऐकाक येतत, दिसनत नाय. आदी माका नसलेली माणसां ऐकाक येयत. आता आसलेली येतत. पडल्या पडल्या दोघांतलो फरक माका कळना नाय. हय बघूक गावतत."

डॉक्टरांना ते सगळं कळलं नसावं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगायला तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं. बाबा रडले नाहीत. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिची घडी सरळ करत राहिले.

मी म्हटलं, "दादा, आपण पडवीत खोली काढूया. उद्या काम सुरू करूया." तो माझ्याकडे बघून हसला. लहानपणी गणित चुकलं की हसायचा तसा, चिडून नाही. म्हणाला, "आवस कौल लायत."

डॉक्टरांनी काही दिवसांपुरतं ठेवून घेतलं. त्या काही दिवसांचं पुढे काय होतं ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. दादाने आपली वळकटी उचलली आणि अंगणाच्या फाटकातून आत गेला. व्हरांड्यातल्या बाकावर माणसं दाटीने बसली होती. त्यांनी त्याला बघितलं, ओळखीचं असं काही बोलले नाहीत, पण सगळी एकेक वीत सरकली आणि मध्ये त्याच्यापुरती जागा झाली. तो बसला.

बाबा फाटकाचा गज धरून ते बघत होते. बराच वेळ. मग त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, "चल गो, गाडी चुकतली."